मदत हवी आहे: तहसीलदार कुठल्या रकान्यात लिहायचा?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न मुलीचा आहे, अडकलोय मी.

ती अकरावीला, कोल्हापुरात शिकते. आमचं गाव पंचगंगेच्या काठी. कॉलेजात तिला 'सत्ताविभाजन' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायचंय आणि सरांची अट अशी, की उदाहरणं आपल्या जिल्ह्यातली हवीत. तिनं ड्रॉइंग शीटवर तीन रकाने आखले: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. जिल्हाधिकारी, एसपी, तहसीलदार मधल्या रकान्यात. कसबा बावड्याचं जिल्हा न्यायालय तिसऱ्यात. इथवर झकास. मग माझी पिशवीतली फाईल तिच्या हाती लागली.

वरच्या मळ्यात जायचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्यानं चर मारून बंद केलाय. ऊस तुटला तरी ट्रॉली आत जात नाही, मोळ्या डोक्यावरनं काढाव्या लागतात. वकिलांनी मामलेदार कोर्टात दावा घातला. नोटिशीवर वरच ठळक अक्षरात 'तहसीलदार यांचे न्यायालयात', मग वादी, प्रतिवादी, खाली गोल शिक्का. पोरगी म्हणाली, "बाबा, कार्यकारी मंडळातला माणूस निकाल कसा देतो? आता ह्याला कुठं लिहू?" मी म्हटलं, मधल्या रेघेवर लिही. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

कारण भोगतोय मीच. पाणी वाढलं की साहेब पुराच्या कामावर, आमची तारीख पुढं. निवडणूक लागली की त्या कामात, तारीख पुढं. एकदा तर आमचे वकील बोलत असतानाच फोन आला आणि साहेब उठून गेले. माणूस सभ्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाणी न्यायाधीशाला कुणी पुरात बोटीत बसवत नाही ना?

आणि मंत्री तर आमदारही असतो. मग विभाजन राहिलं कुठं? गुरुवारी बोलायचंय तिला. जाणकारांनी सांगावं.

अभ्यासिकेतला

सोपं आहे दादा. सत्ताविभाजनाचं तत्त्व मांडणारा फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू, १७४८. आपल्याकडं घटनेचं कलम ५०, राज्य धोरणाची निर्देशक तत्त्वं: न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून वेगळं करा. तहसीलदार कार्यकारी, विषय संपला. कायदेमंडळाचा रकाना रिकामा दिसत असेल तर जिल्हा परिषद टाका, लोकांनी निवडून दिलेली आहे.

काळा कोट

जिल्हा परिषद आधी तिथून काढा. निवडून आली म्हणून कुठलीही सभा कायदेमंडळ होत नाही. ती १९६१ च्या कायद्यानं जन्माला आलीय, त्या कायद्याच्या चौकटीत उपविधी, म्हणजे स्थानिक नियम, करते, बस्स. आपल्या जिल्ह्यात कायदेमंडळाची इमारत नाही. इथून आमदार-खासदार निवडून जातात, त्यांचे मतदारसंघ लिहा.

आता मंत्र्याचं. बांधावरचा, तुमची शंका अगदी घटनासमितीतली आहे. के. टी. शाह यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तिन्ही शाखा पूर्ण वेगळ्या करण्याची दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. आपण संसदीय पद्धत घेतली, म्हणजे मंत्रिमंडळ सभागृहातूनच येणार आणि सभागृहालाच उत्तर देणार. राज्यापुरतं ते कलम १६४ मध्ये आहे. अमेरिकेत मंत्र्याला काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही, आपल्याकडं मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावंच लागतं. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपली घटना हे तत्त्व काटेकोरपणे मानत नाही, पण कामं पुरेशी वेगळी केलेली आहेत आणि एकानं दुसऱ्याचं मूळ काम बळकावायचं नाही. मुलीला हेच वाक्य द्या. माणसं कुठं बसतात यापेक्षा कुठलं काम कोण करतं हे बघायचं.

तुमचा तहसीलदार मधल्याच रकान्यातला. पण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ यानं त्याला (मामलेदार म्हणजे तहसीलदारच) रस्त्याचा किंवा पाण्याचा अडथळा दूर करणं अशा मोजक्या बाबींपुरता निवाड्याचा अधिकार दिलाय. ह्याला आम्ही अर्धन्यायिक काम म्हणतो. तेवढ्या वेळेपुरतं त्यानं दोन्ही बाजू ऐकायच्या, पुरावा बघायचा, कारणं लिहून आदेश द्यायचा. वरून 'असं करा' हा फोन त्यात चालत नाही. (पुराचा फोन चालतो. त्याला इलाज नाही.)

जुना अव्वल कारकून

महसुलात ३४ वर्षं काढली, म्हणून बोलतो. हे एवढ्यावर थांबत नाही. जमीन महसूल संहितेखालचं प्रकरण तहसीलदाराकडून प्रांत, जिल्हाधिकारी, पुण्याचे आयुक्त असं चढत चढत मुंबईला मंत्र्यांच्या दालनात जातं, आणि तिथं मंत्री स्वतः सुनावणी घेतात. आमदार म्हणून कायद्याला हात वर करणारा, मंत्री म्हणून तो राबवणारा आणि त्याच कायद्याखाली निकाल देणारा एकच माणूस! तिन्ही रकाने एका खुर्चीत. तुमच्या लेकीला हे उदाहरण आवडेल.

आधी ह्याहून जास्त होतं. संस्थानात तर सगळंच छत्रपतींच्या हातात. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तो गॅझेटातला हुकूम होता. कुठल्या सभागृहात मतदान झालं नव्हतं. हात भला होता म्हणून भलं झालं. १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मग १ एप्रिल १९७४ पासून तेव्हाच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं देशभर दंडाधिकारी दोन प्रकारचे केले, न्यायिक आणि कार्यकारी. चोरी-मारामारीचा खटला न्यायिककडं. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी राहिला, म्हणून गणपती जवळ आले की मंडळाच्या पोरांना शांततेच्या हमीची नोटीस त्याच्या सहीनं येते. तो हमी लिहून घेईल, पण चोरीबद्दल शिक्षा देऊ शकत नाही. कलम ५० म्हणतात ते जमिनीवर असं उतरलं, अर्धं का होईना.

अभ्यासिकेतला

जिल्हा परिषदेचं चुकलं, मान्य. पण मग तहसीलदाराच्या निकालावर न्यायमंडळाचा लगाम काय?

काळा कोट

चांगला प्रश्न. मामलेदार कोर्टाच्या आदेशाचं पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यानं तो तपासणं, महसुलातच होतं, सहसा प्रांतांकडं. बांधावरच्या रस्त्याचा आदेश महसूल संहितेच्या कलम १४३ खाली झाला असेल, तर नाराज पक्षकार एका वर्षात दिवाणी दावा लावू शकतो. आणि शेवटी घटनेचं कलम २२७, उच्च न्यायालयाची देखरेख. पूर्वी त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ, इथं कोल्हापुरातच आहे.

अरे हो, तिला रस्त्याच्या भांडणाऐवजी सर्किट बेंचवरच बोलायला सांगा की! चाळीसहून अधिक वर्षं आम्ही मोर्चे काढले, कामकाज बंद ठेवलं. प्रत्येक सरकारचे नेते 'करतो' म्हणाले. पण करायचा अधिकार त्यांचा नव्हताच. संसदेनं केलेल्या राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) प्रमाणे मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेनं जागा ठरवायची असते. ते ठरलं आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम सुरू झालं. जागा आणि पैसा मात्र राज्य सरकारचा. कायदा एकाचा, निर्णय दुसऱ्याचा, तिजोरी तिसऱ्याची. औरंगाबादला १९८१ मध्ये ह्याच कलमानं सुरुवात झाली आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ झालं. ते कायम करायला राष्ट्रपतींचा आदेश लागतो, तो कलम ५१(२) चा विषय.

तुमच्याबद्दल एक विचारतो, रागावू नका. चर मारल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा घातला होता ना? कलम ५ ला ती मुदत आहे. समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवणार.

बांधावरचा

पाचव्या महिन्यात घातला होता साहेब, पोच आहे फाईलला. तरी उद्या आमच्या वकिलांकडून तपासून घेतो.

सगळ्यांचे आभार. लेकीनं तहसीलदार मधल्या रकान्यातच ठेवलाय आणि तिथून तिसऱ्या रकान्याकडं एक तुटक रेघ ओढून वर '१९०६' लिहिलंय. सर्किट बेंच शीटच्या मधोमध घेतलं, आठ मिनिटं त्यावरच बोलणार म्हणते. अव्वल कारकून काका, मंत्र्यांच्या दालनाचं उदाहरण ऐकून ती एवढी हसली की आईनं आतनं विचारलं काय झालं. सरांना चालेल का, एवढीच धास्ती.

आमची पुढची तारीख पंधरा दिवसांनी. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला नाही, तर.