एका पिल्लाच्या आतड्यात एक धागा, म्हणून अख्ख्या प्रजातीचं नाव ‘प्लास्टिकस’?

निशिगंधा: काल डोहकरांनी लिहिलं, “पॅसिफिकच्या तळाच्या खोल दरीत, मारियाना गर्तेत, अॅम्फिपॉड या झिंग्यासारख्या जिवाच्या एका पिल्लाच्या आतड्यात एक धागा सापडला आणि ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रजातीला युरिथेनीस प्लास्टिकस नाव चिकटवलं. निव्वळ जाहिरातबाजी.” हे वाचून गप्प बसवेना.

धागा एकच होता, जेमतेम ०.६५ मिलिमीटरचा, पेट (पीईटी, बाटल्यांचं) प्लास्टिकशी ८३ टक्क्यांहून जास्त जुळणारा. पण हा प्राणी राहतो ६,०१० ते ६,९४९ मीटर खोल. तिथे ऊन पोचत नाही, काही उगवत नाही. वरून मेलेलं जे येईल त्यावर जगायचं. मासा पडला की हे अॅम्फिपॉड झुंडीने तुटून पडतात आणि मिळेल ते गिळतात. २०१९ मध्ये पॅसिफिकभोवतीच्या सहा गर्तांमधले ९० अॅम्फिपॉड तपासले, त्यातल्या ६५ जणांच्या पोटात मानवनिर्मित तंतू किंवा कण निघाले. आता म्हणा, एकच धागा!

डोहकर: ९० पैकी ६५ हा आकडा मोठा आहे, नाकारत नाही. पण ते ९० वेगवेगळ्या प्रजातींचे. या प्रजातीत सापडला तो एकच, आणि नाव देण्यामागे डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचा पाठिंबा होता. नाव कायम राहतं हो. याच्याच नात्यातली युरिथेनीस ग्रिलस ही जगभर पसरलेली एकच जात समजत होते, डीएनए तपासल्यावर त्यात अनेक जाती निघाल्या. खरा शोध तो! त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्या बिचाऱ्या जिवाची ओळख म्हणजे आपली घाण?

निशिगंधा: घाण त्याच्या पोटात गेली तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही, नावात आली तेव्हा वाटलं.

बंदरकाठ: दोघंही मुद्दा सोडून भांडताय. पेट म्हटलं की सगळ्यांना बाटली दिसते. पॉलिस्टर म्हणजेही पेटच, आणि इथे सापडलाय तो धागा. दर धुण्याला पॉलिस्टरचे तंतू गटारातून खाडीत जातात. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, पिशव्या धरल्या, भाजीवाल्यांना दंड झाले. कपड्यांकडे कोण बघतंय? लोकांनी सुती वापरायला हवं, एवढं साधं आहे.

वेसावकरीण: साधं तुमच्यासाठी. माझी आई मासळी विकते. पावसाळ्यात सुती लुगडं दोन दोन दिवस वाळत नाही, पॉलिस्टरची साडी संध्याकाळी धुतली तर सकाळी नेसता येते. सुती साडीचे भाव बघितलेत का अलीकडे? दर वेळी शहाणपण गरिबालाच शिकवायचं.

बंदरकाठ: गरिबाला कोण बोललं? आणि विषय निघालाच आहे तर नायलॉनची फाटकी जाळी समुद्रात कोण सोडतं?

वेसावकरीण: तोंड सांभाळून बोला! जाळं फाटलं तर माझा बाप रात्र रात्र बसून विणायचा. हजारो रुपयांचं जाळं कुणी हौसेने टाकत नाही, खडकाला अडकून तुटतं. तुम्ही कधी होडीत पाय ठेवलाय?

बंदरकाठ: नाही ठेवला. जाळ्याचं सोडतो. कपड्यांचं सोडणार नाही. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या धुलाई यंत्रांना तंतू अडवणारा फिल्टर सक्तीचा करायचं ठरवलं. बोजा कंपनीवर, साडी नेसणारीवर नाही. हे तरी चालेल?

वेसावकरीण: आमच्याकडे यंत्र नाही, धुणं हाताने होतं. पण कंपनीवर टाकताय तर टाका, माझी हरकत नाही.

डोहकर: साड्या आणि जाळ्यांत मूळ प्रश्न बुडाला. पुन्हा विचारतो, एका पिल्लावरून नाव का?

निशिगंधा: कारण ती प्रजाती माणसाला पहिल्यांदा भेटली तेव्हाच तिच्या पोटात आपला धागा होता. २०१७ ला मारियानातल्या अॅम्फिपॉडमध्ये पीसीबी हे कारखान्यांतलं विषारी रसायन सापडलं, चीनमधल्या ल्याओ नदीच्या पाण्यावरच्या भातखाचरांतल्या खेकड्यांच्या ५० पट. ते रसायन अमेरिकेने १९७९ मध्येच बंद केलं होतं. तो आकडा किती जणांच्या लक्षात आहे? हे नाव मात्र तुम्हीच काल इथे आणलंत.

डोहकर: लक्षात राहतं, हे कबूल. योग्य आहे, हे नाही.