‘देवावर हवाला ठेवणे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमची यावल तालुक्यातली केळीची मृगबाग (मृगात लावलेली) मे महिन्यातल्या वाऱ्यात आडवी झाली. बांधापलीकडची तशीच उभी. भेटायला येणारा जो तो वडिलांना म्हणतो, ‘देवावर हवाला ठेवा.’ याचा अर्थ हातपाय गाळून बसणं, एवढाच का?

उत्तर : भाऊ, बागेचं वाचून फार वाईट वाटलं. घड भरत आलेला असताना खोड मधूनच मोडतं आणि त्या घडाकडे व्यापारी बघतही नाही, हे रावेर-यावलकडे कुणाला सांगायला नको.

हवाला मूळ अरबी. एकाकडचं दुसऱ्याकडे सोपवणं, वळतं करणं. पेढीच्या व्यवहारात माझं देणं तिसऱ्याने फेडायचं ठरलं की तो हवाला. ‘हवाली करणे’, ‘हवालदार’ त्याच घरातले. तेव्हा सोपवताना काय सोपवतोय, ते ठाऊक हवं. वडिलांनी सोपवायचा तो हिशेब : आपलीच बाग का, पलीकडची का नाही? तो आपल्याला सुटत नाही. सोडवत बसलं की शेजाऱ्याचाच राग येऊ लागतो. त्यात आपल्याला न दिसणारं देवाला दिसतं, हे मी मनापासून मानतो. पडलेली खोडं कापणं, पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठणं, पीलबागेसाठी, म्हणजे बुंध्यातून फुटणाऱ्या कोंबांवर घ्यायच्या पुढच्या पिकासाठी, चांगलं पील (कोंब) राखणं मात्र आपल्याकडेच राहतं. तुकोबा म्हणतात, ‘आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया’. भार देवावर, सादर आपण व्हायचं.

आता खटकणारी गोष्ट. ज्याच्या डोक्यावर ओझं, हवाला त्यानेच ठेवायचा. ‘ठेवतो’ ही श्रद्धा झाली. दुसऱ्याला ‘ठेवा’ म्हटलं की बहुतेक वेळा त्याचं तोंड बंद होतं, दुःख तसंच राहतं. आमची मोठी माय अशा घरी भाकरी-ठेचा बांधून नेते. देवाचं नाव ती काढत नाही. त्या घरची बाई स्वतःहून काढते, तेव्हा ही ऐकत बसते.

पुरवणी : ‘देवाच्या हवाली केलं’ हेच का? आणि ‘हवालदिल’?

उत्तर : ‘हवाली’ करतो ते माणसाला, वस्तूला, आजारी लेकरू देवाच्या हवाली करतात. ‘हवाला’ ठेवतात तो पुढे काय होईल त्याचा. ‘हवालदिल’ वेगळा : तो ‘हौल’ म्हणजे भीती, त्यावरून आला.