मेमोरियल डेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. आमच्या मंडळाच्या पत्रकात यंदा त्याचं 'हुतात्मा दिन' झालंय, मागे एकदा 'सैनिक दिन' छापलं होतं. यातलं बरोबर काय?

प्रतिसाद 1: 'सैनिक दिन' नकोच. फौजेत नोकरी केलेल्या सगळ्यांचा दिवस म्हणजे 11 नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे. मेमोरियल डे फक्त गेलेल्यांचा. त्या दिवशी एखाद्या माजी सैनिकाचे आभार मानायला गेलात, तर "आजचा दिवस माझा नाही" असं ऐकून घ्यावं लागू शकतं.

त्याचं जुनं नाव डेकोरेशन डे, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं. उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. वसंतात थडग्यांवर फुलं वाहायची प्रथा मग गावोगावी आपसूक सुरू झाली, त्यामुळे पहिला मान कोणाचा हा वाद आजही आहे. दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी 1 मे 1865 रोजी उत्तरेच्या सैनिकांच्या थडग्यांशी मिरवणुकीने जाऊन फुलं वाहिली. मिसिसिपीतल्या कोलंबस गावच्या बायकांनी एप्रिल 1866 मध्ये आपल्या माणसांबरोबर शत्रूच्या सैनिकांच्या थडग्यांवरही फुलं ठेवली. सरकारी शिक्का मात्र 1966 साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लूला मिळाला! देशभर एकच तारीख असावी म्हणून जनरल जॉन लोगन यांनी माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे 30 मे 1868 ठरवली. दक्षिणेने हा उत्तरेचा दिवस म्हणून बराच काळ स्वतःचे वेगळे दिवस पाळले. पहिल्या महायुद्धानंतर त्यात सगळ्या युद्धांतले मृत आले, आणि 1971 पासून तारीख जाऊन सोमवार आला. तेव्हापासून जोडसुट्टी, बार्बेक्यू आणि गाद्यांचे सेल.

प्रतिसाद 2: 'हुतात्मा'बद्दल माझा आक्षेप आहे. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं. सावरकरांनी रूढ केलेल्या या शब्दात माणसाने स्वतःहून दिलेली आहुती आहे. यादवी युद्धातले साधारण दोनतृतीयांश मृत्यू आमांश, विषमज्वर अशा आजारांनी झाले, आणि अनेकांची भरती सक्तीची होती. छावणीत हगवणीने गेलेल्या पोराला हुतात्मा म्हणायचं? मेमोरियल डे मात्र त्याचाही आहे. शिवाय आपल्याकडे हुतात्मा म्हटलं की फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा आठवतो. ती माणसं सैनिक नव्हती. 30 जानेवारीचा हुतात्मा दिनही गांधीजींच्या हत्येच्या तारखेवरून आलेला.

'धारातीर्थी पडलेले' ही तलवारीच्या धारेची भाषा, तीही रुग्णतंबूत चालत नाही. 'कामी आले' हा जुना प्रयोग मला आवडतो. त्यात जयजयकार नाही. पण त्याला 'दिन' जोडता येत नाही ही अडचण.

प्रतिसाद 3: मग 'स्मृतिदिन' का नको? तो शब्द एका माणसाच्या पुण्यतिथीचा वाटतो हे खरं, पण 21 ऑक्टोबरला आपण पोलीस स्मृतिदिन पाळतोच की. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात राखीव पोलीस दलाचे दहा जवान गेले, त्यांच्यावरून तो सुरू झाला आणि आता कर्तव्यावर गेलेल्या सगळ्या पोलिसांचा आहे. त्याच धर्तीवर 'सैनिक स्मृतिदिन' सहज बसतं.

प्रश्नकर्ता: पटलं. पण पत्रकात पुढे 'हार्दिक शुभेच्छा' पण आहे.

प्रतिसाद 3: ते आधी काढा. तिथे 'हॅपी मेमोरियल डे' म्हटलेलंही पुष्कळांना खटकतं. त्या दिवशी झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो आणि मग पूर्ण वर चढवतात. 'विनम्र अभिवादन' छापा, आणि सुट्टीतल्या सहलीचं निमंत्रण असेल तर ते दुसऱ्या पानावर.