बीबीसीने टीव्ही सेंटरमधून न्यूज हलवली तेव्हा चॅनेल बंद कसं नाही पडलं?

निवृत्त_नाना: लेकीकडे लंडनला आलोय. काल व्हाइट सिटीला गेलो, ती बीबीसीची प्रश्नचिन्हासारखी गोल इमारत, टीव्ही सेंटर, बघायला. चौकात हेलिऑस या सूर्यदेवाचा सोनेरी पुतळा आहे तसाच उभा, पण भोवती फ्लॅट, खाली कॅफे आणि एक बाई कुत्र्याला फिरवत होती. आमचं नुसतं घर बदलताना दोन दिवस गॅस नव्हता, हे चोवीस तासांचं चॅनेल उचलून नेतात कसं? आणि एवढी चांगली जागा सोडली कशाला?

पीसीआरवाला: नाना, एका रात्रीत काही उचलत नाहीत. नव्या जागी सगळा सेटअप आधीच उभा असतो, तिथे ड्राय रन चालतात, खऱ्या बातम्या खरा अँकर पण ऑन एअर काही जात नाही. बीबीसीने तर टप्प्याटप्प्याने केलं, परदेशांसाठीचं चॅनेल वर्ल्ड न्यूज २०१३ च्या जानेवारीतच गेलं, मग १७ मार्चला रात्री दहाचं बुलेटिन टीव्ही सेंटरमधून आणि १८ ला दुपारी एकचं नव्या जागेतून, मध्य लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमधून. गंमत म्हणजे रात्री न्यूज चॅनेलवर वर्ल्ड न्यूजच चालायचं आणि सकाळचा 'ब्रेकफास्ट' कार्यक्रम उत्तरेकडच्या सॅल्फर्डहून, म्हणजे जुन्या स्टुडिओला तसाही बराच आराम होता. तरी पहिल्या दिवशी पोटात गोळा येतोच. आमचं चॅनेल हललं तेव्हा पहिल्याच बुलेटिनला टॉकबॅक, म्हणजे कंट्रोल रूममधून अँकरशी बोलायची लाइन, गेला, अँकरच्या कानात काहीच नाही, मी कॅमेऱ्याखाली गुडघ्यावर बसून रनडाउनच्या (बातम्यांच्या क्रमाच्या यादीच्या) पाठकोऱ्या कागदावर स्केचपेनने 'ब्रेक घे' लिहून दाखवलं. बाई हसली नाही हे नशीब.

हिशोबी_माणूस: कशाला सोडली म्हणजे, पैसा. विकायचं २००७ मध्येच जाहीर झालं होतं, २०१२ ला स्टॅनहोप या बिल्डर कंपनीने २० कोटी पाउंडांना घेतली. शिवाय परदेशांसाठीची रेडिओ सेवा वर्ल्ड सर्व्हिस लंडनच्याच बुश हाउस इमारतीत, टीव्ही न्यूज व्हाइट सिटीला, एकच बातमी दोन ठिकाणी दोन टीम करणार, ते सगळं एका छपराखाली आणलं. बुश हाउस २०१२ च्या जुलैत सुटलं, तिथे १९४१ पासून होते.

रेडिओप्रेमी: हिशोब ठीक आहे हो, पण रेडिओची न्यूज १९९८ ला ब्रॉडकास्टिंग हाउसमधून काढून त्याच टीव्ही सेंटरला नेली होती आणि पंधरा वर्षांनी परत तिथेच! ही असली काटकसर आमच्याकडे सोसायटीची कमिटी करते, आधी रस्ता करायचा मग पाइपसाठी खणायचा. बाकी ब्रॉडकास्टिंग हाउस १९३२ चं, खालून भुयारी रेल्वेची बेकरलू लाइन जाते, जुन्या स्टुडिओंत तिची घरघर ऐकू यायची.

पीसीआरवाला: @रेडिओप्रेमी घरघर परवडली, आमच्या नव्या स्टुडिओत एसीचं पाणी प्रॉम्प्टरवर, म्हणजे अँकर बातमी वाचतो त्या पडद्यावर, ठिबकायचं.

निवृत्त_नाना: धन्यवाद मंडळी. उद्या ब्रॉडकास्टिंग हाउस बघून येतो. लेक म्हणाली व्हाइट सिटीहून ऑक्सफर्ड सर्कसला एकच गाडी आहे, बदलायची पण गरज नाही, जेवायच्या आत परत या.