मॅन्युअल की ऑटोफोकस: "आळशी" म्हणणाऱ्यांना उत्तर

राजेंद्रनगरवाला: परवा इथे एकानं लिहिलं, "ऑटोफोकस, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप घेतलेला फोकस, आळशांसाठी. लेन्सवरची फोकसची रिंग हातानं फिरवाल तरच फोटो तुमचा." हे वाचून नवी मुलं जुन्या लेन्सवर पैसे घालतील म्हणून लिहितोय. इंदूरच्या सिरपूर तलावावर ३०० एमएमची लांबचं टिपणारी लेन्स लावून उडत्या बगळ्यामागे रिंग फिरवून बघा. पंख शार्प, डोळा धूसर. १९८५ साली मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकस कॅमेरा आला, त्याआधीचे लोक हातानंच उत्तम फोकस करायचे, हे खरं. पण त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, स्प्लिट प्रिझम असायचा; फोकस चुकला की चित्र मधोमध तुटलेलं दिसायचं. आजच्या स्वस्त डीएसएलआरला एफ १.४ ची, म्हणजे मोठ्या छिद्राची लेन्स लावा, खरी डेप्थ, म्हणजे कुठून कुठपर्यंत शार्प येणार ते, व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतच नाही. फोकस चुकल्याचं कळतं घरी, कॉम्प्युटरवर.

रामबागकर: ते मीच लिहिलं होतं, पुन्हा लिहितो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर गुलालाचा लोट उठला की ऑटोफोकस मागेपुढे करत बसतो. धरायला कॉन्ट्रास्टच नसतो! माझी ३५ एमएम लेन्स एफ ८ वर, म्हणजे छिद्र लहान करून, रिंग ५ मीटरवर. फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, साधारण अडीच मीटरपासून पुढचं सगळं शार्प. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या लेन्सवर हे करून दाखवा. बहुतेकींवर अंतराचे आकडेच नाहीत, रिंग नुसती गोल फिरते.

लोकमान्यनगरची: लग्नाचं कोणी बोलतच नाही. माझ्या भाचीच्या लग्नात "सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला आणि फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यानं फोकस धरला उडणाऱ्या अक्षतांवर. त्या क्षणाचा एकही धड फोटो नाही.

राजेंद्रनगरवाला: ताई, तो लेन्सचा दोष नाही. आधी नवरीवर फोकस घ्यायचा, लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, सरकवायचं, मग पडू देत अक्षता.

रामबागकर: म्हणजे शेवटी मॅन्युअलच ना?

तुकोगंजकर: फोकस राहू द्या. हे लोक बोहल्यासमोर भिंत करून उभे राहतात त्याचं काय? आमची आजी पहिल्या रांगेत बसली होती. नातीनं हार घातला तेव्हा तिला फक्त यांच्या पाठी दिसल्या. ती आता नाही. अजून राग येतो.

लोकमान्यनगरची: अगदी! आमच्याकडे तर गुरुजींनाच थांबवलं, मंगळसूत्र परत घालायला लावलं. विधी आहे की शूटिंग?

छावणीतला स्टुडिओवाला: भिया, लग्नं मी करतो, म्हणून सांगतो. ७०-२०० झूम लेन्सनं लांबून काढायला मी तयार आहे. पण मधे पाहुण्यांचे मोबाइल वर होतात, आणि अल्बम बघताना घरचेच विचारतात, "चेहरे जवळून का नाहीत?" तेव्हा आजीची बाजू कोण घेतं?

तुकोगंजकर: मोबाइलवाल्यांना पैसे दिलेले नसतात, तुम्हाला दिलेले असतात. खाली बसून काढा. गुडघे दुखतात का?

छावणीतला स्टुडिओवाला: दुखतात. मुहूर्त पहाटेचा असो की रात्रीचा, उभा मीच असतो. तोंड सांभाळून बोला.

राजेंद्रनगरवाला: भांडण आवरा, मुद्द्यावर या. गेरपुरतं रामबागकरांचं मान्य, त्याहून जास्त नाही. माझ्या वडिलांना आता व्ह्यूफाइंडरमधलं बारीक दिसत नाही. ऑटोफोकस आहे म्हणून ते अजून कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. त्यांना आळशी म्हणाल?

रामबागकर: काकांना नाही म्हणणार. बगळ्याचंही मान्य. पण ज्याचे डोळे धड आहेत त्यानं आधी वर्षभर रिंग फिरवावी, मग माझ्याशी वाद घालावा.