दिवा लुकलुकतोय म्हणजे बोर्ड गेला असं नाही
जुन्या एनईएसचा, म्हणजे निन्टेन्डोच्या गेम कन्सोलचा, लाल दिवा सेकंदासेकंदाला लुकलुकतोय, म्हणजे आतला सर्किट बोर्डच जळाला, हे काही पटत नाही. बहुतेक वेळा कार्ट्रिजचा (गेम असलेल्या डबीचा) मशीनशी संपर्क नीट होत नसतो. आतल्या लॉकआउट चिपला (अनधिकृत गेम अडवणाऱ्या चिपला) कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपकडून उत्तर मिळालं नाही की ती मशीन पुन्हापुन्हा रीसेट करते. आधी कार्ट्रिजच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग कार्ट्रिज ज्यात बसतं तो मशीनमधला ७२ पिनांचा कनेक्टर काढून साफ करा. नवा स्वस्त कनेक्टर घ्यायची घाई नको. काही इतके घट्ट असतात की कार्ट्रिज ओढून काढावं लागतं. कार्ट्रिजवर फुंकर तर नकोच, ओलाव्याने पिना गंजतात. आणि हो, एनईएसचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तो डीसीवर चालणाऱ्या दुसऱ्या कन्सोलला लावू नका.