शब्दचर्चा : ‘फंक्शनल पॉलिमर’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (अनुवादक)

रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या संशोधनाची ओळख करून देणारा दोन पानांचा मजकूर मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यांचे संशोधन ‘फंक्शनल पॉलिमर आणि त्यांची ॲप्लिकेशन्स’ या विषयावर आहे, असे त्यातले पहिलेच वाक्य सांगते आणि मी तिथेच अडले आहे. पॉलिमरसाठी, म्हणजे एकच छोटे एकक पुन्हा पुन्हा जोडून बनलेल्या लांब साखळीच्या पदार्थासाठी, ‘बहुवारिक’ हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकांमुळे परिचयाचा आहे; अडचण विशेषणाची आहे. शोध घेतल्यावर कार्यात्मक, क्रियात्मक, क्रियाशील, कार्यकारी आणि हिंदीच्या वाटेने आलेला प्रकार्यात्मक असे पाच पर्याय हाती आले. पहिल्या मसुद्यात मी ‘कार्यात्मक बहुवारिके’ असे लिहिले, तेव्हा बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या बहिणीने ते वाचून विचारले, की मग उरलेली बहुवारिके बंद पडलेली असतात का? मला उत्तर देता आले नाही. या पाचांपैकी कोणता शब्द योग्य आहे आणि का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद (निवृत्त रसायन-अध्यापक)

आपल्या भगिनींचा प्रश्न विनोदी वाटला तरी अगदी नेमका आहे. योग्य शब्द ठरवण्याआधी मूळ संज्ञा काय सांगते ते पाहावे लागेल, कारण ‘फंक्शनल’ हे विशेषण रसायनशास्त्रात निदान दोन निराळ्या अर्थांनी वावरते आणि वरच्या पाचही पर्यायांतला गोंधळ त्यातूनच आला आहे.

पहिला अर्थ ‘फंक्शनल ग्रुप’ या संज्ञेतून येतो. बालभारतीच्या पुस्तकात याला ‘क्रियात्मक गट’ म्हटले आहे. कार्बनच्या साखळीला जोडलेला हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल किंवा अमिनो यांसारखा अणूंचा जो छोटा समूह त्या संयुगाचे रासायनिक वर्तन ठरवतो, तो क्रियात्मक गट होय. असे गट ज्या बहुवारिकाच्या साखळीवर मुद्दाम बसवलेले असतात, ते या अर्थाने फंक्शनल पॉलिमर. याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण ब्रूस मेरिफील्ड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांचे आहे. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर संस्थेत काम करताना त्यांनी 1963 साली पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, तयार करण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी पॉलिस्टायरीनचे बारीक मणी घेतले. हे पॉलिस्टायरीन म्हणजे ज्याला फुगवून आपण थर्माकोल म्हणतो तोच पदार्थ, आणि तो रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निर्विकार असतो. मेरिफील्ड यांनी त्या मण्यांवर क्लोरोमिथिल गट बसवले, त्या गटांना पहिले अमिनो आम्ल पक्के जोडले आणि मग एकामागून एक अमिनो आम्ले जोडत साखळी वाढवत नेली. साखळी घन मण्याला धरून असल्यामुळे प्रत्येक पायरीनंतर उरलेली अभिकारके नुसती धुऊन टाकता येत, त्यामुळे दर पायरीला शुद्धीकरणाचा जो मोठा खटाटोप करावा लागे तो टळला. या कामासाठी त्यांना 1984 साली नोबेल पारितोषिक मिळाले. येथे गट खरोखरच अभिक्रिया करतो. म्हणून येथे ‘क्रियात्मक’ हा शब्द चपखल बसतो.

दुसरा अर्थ ‘फंक्शन’ म्हणजे काम, कार्य या साध्या अर्थावरून आलेला आहे. पिशवी, बादली किंवा नळी बनवण्यासाठी वापरलेले पॉलिथिलीन केवळ आकार आणि मजबुती पुरवते. त्याउलट पाणी धरून ठेवणे, ठरावीक आयन (विद्युतभार असलेले अणू) पकडणे, वीज वाहून नेणे किंवा औषध हळूहळू सोडणे असे एखादे खास काम करण्यासाठीच जे बहुवारिक घडवलेले असते, तेही फंक्शनल पॉलिमर. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाने, म्हणजे आयुपॅकने, 2004 साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत हे दोन्ही अर्थ एकाच संज्ञेखाली ‘किंवा’ने जोडलेले आहेत. म्हणजे घोटाळा मराठीने निर्माण केलेला नाही, तो मुळातच आहे. फक्त मराठीत शब्द निवडताना तो झाकता येत नाही, एवढेच.

प्रतिसाद (अनुवादक)

सर, मनापासून आभार. पण दोन्ही अर्थांत शेवटी गटच काम करत असेल, तर ‘क्रियात्मक बहुवारिक’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर काय बिघडेल?

प्रतिसाद (निवृत्त रसायन-अध्यापक)

बिघडते, आणि ते कसे हे सांगण्यासाठी मला प्रागला जावे लागेल. ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञांनी ड्राहोस्लाव लीम या सहकाऱ्यासह 1960 साली पाणी शोषून मऊ होणाऱ्या जेलांविषयीचा आपला लेख प्रसिद्ध केला. त्यातले प्रमुख बहुवारिक हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेटपासून बनवलेले होते. त्याच्या साखळीतील प्रत्येक एककावर एक हायड्रॉक्सिल गट असतो आणि त्या गटांमुळे ते जेल सुमारे 38 टक्के पाणी धरून ठेवते, तरीही पारदर्शक राहते. विख्टर्ले यांनी 1961 च्या नाताळात घरी बसून, मुलांच्या ‘मेर्कुर’ या धातूच्या जोडणी-खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र उभे केले आणि फिरत्या साच्यात द्रव ओतून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या. आज कोट्यवधी लोक ज्या मऊ लेन्स वापरतात, त्यांची सुरुवात त्या स्वयंपाकघरातल्या यंत्रापासून झाली.

आता शब्दाकडे येतो. या लेन्समधला हायड्रॉक्सिल गट डोळ्यात कोणतीही अभिक्रिया करत नाही; करू लागला तर लेन्स घालणाऱ्याचे कठीण होईल. तो केवळ हायड्रोजन बंधांनी पाण्याचे रेणू धरून ठेवतो. म्हणजे मेरिफील्ड यांचा गट क्रिया करतो आणि विख्टर्ले यांचा गट कार्य करतो. मराठीत क्रिया आणि कार्य यांत फरक आहे आणि रसायनशास्त्राच्या मराठीत तो अधिकच ठळक आहे, कारण ‘क्रिया’ म्हटले की वाचकाच्या मनात ‘अभिक्रिया’ उभी राहते. ‘क्रियाशील’ तर मुळीच नको. धातूंच्या क्रियाशीलतेविषयी शिकलेला विद्यार्थी ‘क्रियाशील बहुवारिक’ याचा अर्थ सहज अभिक्रिया करणारे बहुवारिक असा घेईल, आणि कॉन्टॅक्ट लेन्सविषयी हा समज सर्वथा चुकीचा ठरेल.

‘कार्यकारी’ हा शब्द कार्यकारी अभियंत्यांनी आणि कार्यकारी संपादकांनी केव्हाच व्यापला आहे. कार्यकारी बहुवारिक म्हटले की त्याला स्वतंत्र दालन आणि शिपाई असावा, असे मला उगाच वाटते.

प्रतिसाद (संस्कृतच्या अभ्यासक)

सरांचा क्रिया आणि कार्य यांतला भेद मला पूर्णपणे पटला. प्रत्ययाविषयी मात्र थोडे लिहावेसे वाटते. ‘-आत्मक’ हे उत्तरपद ‘त्या स्वरूपाचा’ असा अर्थ देते. वर्णनात्मक लेखन म्हणजे वर्णनाच्या स्वरूपाचे लेखन. त्या हिशेबाने ‘कार्यात्मक बहुवारिक’ म्हणजे कार्याच्या स्वरूपाचे बहुवारिक, आणि यातून काहीच अर्थ निघत नाही. बहुवारिक हे कार्य नाही. त्याला कार्य आहे. म्हणजे येथे ‘-आत्मक’ नको, बहुव्रीहीच्या अंगाने जाणारे, ‘ज्याला अमुक आहे ते’ असे सांगणारे विशेषण हवे. अनुवादकताईंच्या बहिणीला जे खटकले ते बहुधा हेच असावे.

‘प्रकार्यात्मक’ याबद्दलही माझे असेच मत आहे. ‘प्रकार्य’ हा शब्द मराठीत समाजशास्त्राने आणि भाषाविज्ञानाने स्वीकारला आहे आणि तेथे त्याला सिद्धान्ताचे वजन आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘प्रकार्यात्मक समूह’ रुळला असला, तरी मराठीत ‘क्रियात्मक गट’ आधीच रुळलेला असताना तो आणण्याचे कारण दिसत नाही.

याच निमित्ताने ‘बहुवारिक’ या शब्दाचे थोडे कौतुक करते. ‘पॉलिमर’ या ग्रीक मूळ असलेल्या शब्दात ‘मेरोस’ म्हणजे भाग. पुष्कळ भागांचे ते पॉलिमर. 1833 मध्ये बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी हा शब्द घडवला तेव्हा त्यांना आजचा अर्थ अभिप्रेतही नव्हता. आपल्या शब्दातील ‘वार’ मात्र ‘वारंवार’ मधला आहे, म्हणजे खेप, पाळी. एकच एकक पुन्हा पुन्हा येत जाते ते बहुवारिक. ग्रीक शब्द भाग मोजतो, मराठी शब्द आवर्तने मोजतो, आणि मला तरी हिंदीतल्या ‘बहुलक’ पेक्षा आपला शब्द वस्तूच्या अधिक जवळ जाणारा वाटतो.

प्रतिसाद (जलशुद्धीकरणाच्या धंद्यातील एक)

सर्वांचे वाचून आनंद झाला, तरी धंद्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो. आमच्या सॉफ्टनरच्या, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, टाकीत जे पिवळसर मणी असतात ते वरच्या व्याख्येप्रमाणे अस्सल फंक्शनल पॉलिमर आहेत. तेही पॉलिस्टायरीनचेच, त्यांवर सल्फोनिक गट बसवलेले असतात, ते जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे पाणी सोडून ते पुन्हा तयार करतात. त्यांना कोणीही बहुवारिक म्हणत नाही, पॉलिमरही म्हणत नाही. सगळे ‘रेझिन’ म्हणतात आणि मिठाने धुण्याला ‘रिजनरेशन’. मजकूर कोणासाठी आहे, यावर शब्द ठरवावा असे मला वाटते. शिवाय सरांना एक प्रश्न आहे : आमच्या मण्यांतला गट क्रिया करतो म्हणायचे की कार्य? आयनांची अदलाबदल तर होतेच.

प्रतिसाद (निवृत्त रसायन-अध्यापक)

आपण माझी कोंडी केली आहे, हे मान्य करतो. आयन-विनिमय ही अभिक्रियाच आहे, पण तिच्यात गट साखळीवर जसाच्या तसा राहतो, फक्त त्याच्या जोडीचा आयन बदलतो, म्हणूनच मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात. त्यामुळे हे उदाहरण दोन्ही अर्थांच्या सीमारेषेवर येते. अशा वेळी मी ‘कार्य’ निवडेन, कारण मणी विकत घेणारा माणूस त्यांनी केलेल्या कामासाठी पैसे मोजतो.

त्याउलट दुसऱ्या टोकाचे उदाहरण अग्निबाणांत सापडते. इस्रोच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातील घन इंधनाला बांधून ठेवणारे जे पॉलिब्युटाडाइन असते, त्याच्या साखळीच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट ठेवलेले असतात. हे द्रव बहुवारिक इंधनाच्या इतर घटकांत मिसळले जाते आणि मग त्या टोकांची आयसोसायनेटशी अभिक्रिया होऊन सगळे मिश्रण रबरासारखे घट्ट होते. तेथे गट आपले काम एकदाच करतो आणि त्यात खर्ची पडतो. तेथे ‘क्रियात्मक’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आता तिसरा अर्थही सांगून टाकतो, नाहीतर पुढे कोणीतरी अडखळेल. ‘फंक्शनॅलिटी’ हा शब्द बहुवारिकाच्या शास्त्रात संख्या म्हणूनही येतो. एका एकवारिकाला, म्हणजे ज्यांपासून बहुवारिक बनते त्या सुट्या एककाला, किती ठिकाणी जोडले जाता येते, ती ही संख्या. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोथर्स यांच्या कामात तिला मध्यवर्ती स्थान आहे. ग्लायकॉलला दोन हात असतात, म्हणून त्यापासून सरळ साखळी बनते. ग्लिसरॉलला तीन, म्हणून त्यापासून जाळे विणले जाते आणि पदार्थ कडक होतो. येथे ‘कार्य’ शब्द आणला तर वाक्य कोलमडेल. येथे द्विक्रियात्मक, त्रिक्रियात्मक असेच म्हणावे. गणितातल्या फंक्शनशी, म्हणजे ‘फल’ शी, याचा काही संबंध नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.

प्रतिसाद (संस्कृतच्या अभ्यासक)

सरांच्या तिन्ही अर्थांना धरून माझी सूचना अशी आहे. जेथे गट असणे एवढेच सांगायचे आहे तेथे ‘गटयुक्त बहुवारिक’ म्हणावे. पहिल्या उल्लेखात ‘क्रियात्मक गटांनी युक्त’ असे फोडून सांगावे. जेथे खास काम सांगायचे आहे तेथे ‘विशेषकार्यी बहुवारिक’ म्हणावे. शुद्ध संस्कृतात ‘विशेषकार्य’ एवढा बहुव्रीही पुरेसा आहे, परंतु एकमार्गी, बहुउद्देशी, दुपदरी अशा विशेषणांची सवय असलेल्या मराठी कानाला शेवटची ‘ई’ हवीशी वाटते आणि तिला हरकत घेण्याचे कारण नाही. ‘कार्यक्षम’ चुकूनही वापरू नये, कारण त्यात केवळ वेग आणि काटकसर आहे.

शिवाय या रसायनशास्त्रात ‘ग्राफ्ट’ हा एक शब्द फार येतो, म्हणजे एका साखळीवर दुसऱ्या जातीची साखळी बांधणे. त्याला ‘कलमी सहबहुवारिक’ म्हणता येईल. कोकणात ज्यांनी आंब्याची कलमे बांधलेली पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

प्रतिसाद (जलशुद्धीकरणाच्या धंद्यातील एक)

‘कलमी’ हा शब्द फारच आवडला. कामावरून नाव देण्याची रीत आपल्याकडे आहेच. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषणारे एक बहुवारिक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तयार झाले, तेव्हा त्याला ‘जलशक्ती’ म्हटले गेले आणि त्या नावात कोणतेही विशेषण लागले नाही.

प्रतिसाद (अनुवादक)

सर्वांचे आभार. मूळ मजकूर पुन्हा वाचला. त्यात औषध वाहून नेणारी जेले आणि धातूंचे आयन पकडणारी रेझिने यांचाच विचार आहे, म्हणजे अर्थ दुसरा आहे. ‘ॲप्लिकेशन्स’ साठी आधी ‘उपयोजने’ लिहिले होते, परंतु सामान्य वाचकाला ‘उपयोग’ पुरेसा आहे असे ठरवले. वाक्य आता असे झाले आहे : ‘ज्यांना रसायनशास्त्रज्ञ फंक्शनल पॉलिमर म्हणतात, त्या विशेषकार्यी बहुवारिकांची निर्मिती आणि त्यांचे औषधोपचारातील व जलशुद्धीकरणातील उपयोग हा प्राध्यापकांच्या संशोधनाचा विषय आहे.’ बहिणीला वाचून दाखवले. तिने या वेळी बंद पडलेल्या बहुवारिकांची चौकशी केली नाही, पण ‘विशेष म्हणजे नेमके कोणते कार्य’, असे विचारले.

प्रतिसाद (निवृत्त रसायन-अध्यापक)

त्यांना सांगावे, की ते पुढच्या वाक्यात येते. आणि ते पुढचे वाक्य येथे टाकावे, म्हणजे त्यातल्या ‘रेझिने’ विषयीही बोलता येईल.